क्लासिक ३५० साठी चार इंच उंच हँडलचं किट: हँडल घ्या, होज मात्र मोजूनच घ्या

हे परीक्षण जुन्या क्लासिक ३५० साठी बाजारात मिळणाऱ्या उंच हँडलच्या किटचं आहे. जुनी म्हणजे ३४६ सीसीची, कार्बोरेटरवाली, पुढे २८० मिमीची डिस्क आणि एबीएस नसलेली. किटवर कोणत्याही कंपनीचं नाव नाही. पुण्यात नाना पेठेत, दिल्लीत करोल बागेत आणि ऑनलाइन, थोड्याफार फरकाने असाच माल मिळतो. पाकिटात मूळ हँडलपेक्षा चार इंच उंच क्रोमचं हँडल, लांब क्लच वायर, लांब एक्सिलरेटर वायर, स्टीलच्या जाळीचा ब्रेक होज (ब्रेक ऑइल नेणारी लवचिक नळी) आणि तांब्याचे चार वायसर निघतात. माहितीपत्रक नाही, आणि खरी अडचण तिथेच सुरू होते. हँडल बदलणं म्हणजे नळी बदलणं असं वाटतं. प्रत्यक्षात नळीचं काम अर्ध्या तासाचं आणि तिच्यामागून येणाऱ्या होज, वायरी, वायरिंगचं काम दिवसभराचं.

थोडक्यात मत आधीच देतो. हँडल चांगलं आहे. क्लच वायर चालते. एक्सिलरेटर वायर चालते, पण तिचा रस्ता नीट लावावा लागतो. होज आखूड आहे आणि तो बसवू नये.

आधी हँडल. बिननावाच्या हँडलमध्ये फसवणूक होते ती नळीच्या जाडीत, आणि ती डोळ्यांना दिसत नाही. टोकाशी नळी जाड ठेवून मध्ये पातळ असलेली हँडलंही विकली जातात. त्यावर स्वयंपाकघरातला वजनकाटा हा उत्तम उपाय आहे. २२.२ मिमी बाहेरच्या व्यासाच्या स्टीलच्या नळीची भिंत २ मिमी असेल तर मीटरला साधारण १ किलो वजन भरतं, १.६ मिमी असेल तर ८०० ग्रॅमच्या आसपास, आणि १.२ मिमी असेल तर जेमतेम ६२० ग्रॅम. हँडलच्या वळणांवरून सुतळी फिरवून पूर्ण लांबी काढा, वजनाला लांबीने भागा, जाडी कळते. या किटचं हँडल मीटरमागे किलोच्या जवळ भरतं, म्हणजे २ मिमीची नळी. उंच हँडलला ही जाडी हवीच. उंची वाढली की ग्रिपवरचा प्रत्येक धक्का क्लॅम्पजवळच्या वळणावर जास्त जोराने येतो, आणि पातळ नळी नेमकी तिथे थकते.

वळणांच्या आतल्या बाजूला बोट फिरवा. सुरकुती लागली तर हँडल परत करा, कारण वाकवताना आत साचा न घालता ते वाकवलेलं असतं. मग हँडल सपाट फरशीवर उलटं ठेवून दोन्ही टोकांची उंची टेपने मोजा. दोन-तीन मिमीचा फरक चालतो. त्याहून जास्त असला तर गाडी सरळ चालत असूनही मनगटाला ती सतत एका बाजूला ओढते असं वाटत राहतं.

मध्यभागी, जिथे क्लॅम्प बसतो, तिथे खरखरीत दाते हवेत. नुसत्या गुळगुळीत क्रोमवर क्लॅम्प कितीही आवळला तरी जोरात ब्रेक दाबल्यावर हँडल पुढे गोल फिरू शकतं. या हँडलला दाते आहेत, नीट कोरलेले आहेत, आणि क्लॅम्पच्या रुंदीपेक्षा दोन्हीकडे थोडे जास्तच आहेत. कोल्ड्रिंकच्या डब्याचा पत्रा कापून क्लॅम्पमध्ये घालायची पद्धत काही ठिकाणी दिसते. ती धोक्याची आहे: पत्रा दबतो, सरकतो आणि क्लॅम्पची पकड आणखी सैल करतो.

उजव्या टोकाला मात्र क्रोमचा थर जाड आहे. व्हर्नियर लावला तर कडेला २२.४ च्या पुढे जातो. एवढ्याने एक्सिलरेटरची प्लास्टिकची नळी अडखळते: फिरवली की फिरते, सोडली की झटकन परत येत नाही, आळसावल्यासारखी येते. कानशीने कडेचा कंगोरा मोडा, बारीक पॉलिश पेपर गोल फिरवा, पुसून नळी कोरडीच घालून बघा. सोडल्याबरोबर ती मोकळी फिरली पाहिजे. तेल-ग्रीस लावून हा दोष झाकायचा नाही, धूळ बसली की तो पुन्हा येतो.

दुसरी उणीव भोकांची. स्विचच्या डब्यांना आतून एक पिन असते आणि ती हँडलच्या भोकात बसते, म्हणून डबा जागच्या जागी राहतो. या हँडलला भोकंच नाहीत. बरेच जण पिन कापून टाकतात. डाव्या बाजूला त्याने फक्त डबा हलतो, पण उजव्या बाजूला एक्सिलरेटरचा अख्खा डबा फिरू शकतो आणि वायर ओढली जाऊन रेस वाढू शकते. पिन कापू नका, भोक पाडा. त्यासाठी हँडल गाडीवर बसवून, ग्रिप, लिव्हर आणि डबे हातांच्या कोनात लावून, पिन कुठे येते त्याची खूण करा. पिनेची जाडी व्हर्नियरने मोजा आणि तेवढंच ड्रिल वापरा. सेंटर पंच मारल्याशिवाय क्रोमवर ड्रिल ठेवलं तर ते घसरत जातं आणि पांढरा ओरखडा कायमचा राहतो. आधी ३ मिमीचं, मग शेवटच्या मापाचं. भोक फक्त वरच्या भिंतीला, आरपार नाही. वळणावर किंवा क्लॅम्पजवळ भोक कधीही पाडायचं नाही.

आता होज. परीक्षण लिहिण्याचं खरं कारण हेच आहे.

किटमधला होज बसतो. स्टँडवर उभ्या गाडीला, हँडल सरळ असताना, तो छान दिसतोही. पण गाडी मेन स्टँडवर घ्या, पुढचं चाक अधांतरी राहील असं इंजिनखाली लाकूड द्या आणि हँडल दोन्हीकडे शेवटपर्यंत वळवा. एका बाजूला होज तंबोऱ्याच्या तारेसारखा ताठ होतो. रस्त्यावर नेमकं हेच घडतं: स्पीडब्रेकरवरून उतरताना पुढचे शॉकअप पूर्ण उघडतात आणि ब्रेक लिव्हरजवळचा मास्टर सिलिंडर ते चाकाजवळचा कॅलिपर हे अंतर वाढतं. त्याच क्षणी हँडल वळलेलं असेल तर सगळा ताण होजच्या टोकाच्या बँजोवर, म्हणजे बोल्टने आवळायच्या गोल कडीवर, येतो. एका झटक्याने होज तुटणार नाही, पण हजार वेळा ओढला गेला की क्रिंप केलेल्या (दाबून आवळलेल्या) जागी पाझर सुरू होतो. पुढच्या ब्रेकचं ऑइल गेलं की पुढचा ब्रेक गेला. इथे 'चालतंय तर चालू दे' म्हणता येत नाही.

म्हणून होज मोजून घ्या. चाक अधांतरी, शॉकअप पूर्ण उघडे, नवं हँडल जागेवर आणि मास्टर सिलिंडर त्याच्या अंतिम कोनात. मास्टरच्या बँजोच्या भोकापासून सुतळी धरा, होज ज्या रस्त्याने जाणार त्याच रस्त्याने, मडगार्डजवळच्या क्लिपमधून, कॅलिपरच्या बँजोपर्यंत आणा. हँडल डावीकडे, उजवीकडे आणि सरळ ठेवून तीनदा मोजा. सर्वांत मोठ्या मापात २० ते २५ मिमी मिळवा. तीच तुमच्या होजची लांबी. बँजोच्या भोकाच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं माप सांगितलं की होज बनवणारे त्याप्रमाणे करून देतात. फार लांबही नको: शॉकअप दबल्यावर जास्तीचा होज पुढे फुगतो आणि टायरला किंवा हेडलाइटच्या डूमला घासतो. बँजोचा कोनही जुन्या होजवरून पाहून सांगा. सरळ बँजोच्या जागी वाकडा आला की होज पहिल्याच इंचात मुरगळतो. आवरणावर 'एफएमव्हीएसएस १०६' (ब्रेक होजचं अमेरिकी मानक) अशी छापील खूण असलेला होज निवडा. जाळीला बाहेरून पारदर्शक आवरण हवंच, नाहीतर जाळी ज्या रंगाला टेकेल तो कानशीसारखी घासून काढते.

बँजोचा बोल्ट १० मिमीचा असला तरी त्याचे आटे दोन प्रकारचे येतात, १.० आणि १.२५ पिचचे (पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, मिमीत). नवा बोल्ट घेतलाच तर जुन्याच्या आट्यांवर आटे टेकवून पाहा. चुकीचा बोल्ट पहिले दोन आटे बिनतक्रार जातो आणि तिसऱ्याला मास्टर सिलिंडरचे ॲल्युमिनियमचे आटे खातो.

क्लच वायरीचं माप घेताना बहुतेकांची चूक एकच होते: फक्त वायर किती लांब ते पाहतात. खरं माप दोन लांबींच्या फरकाचं असतं. आतली तार बाहेरच्या आवरणाबाहेर एकूण किती उरते, तो आकडा जुन्या आणि नव्या वायरीत सारखा हवा. आवरण लांब झालं तर तारही तेवढीच लांब हवी. हा फरक कमी असेल तर क्लच अर्धवट दाबलेला राहतो आणि चढावर घसरतो. जास्त असेल तर ॲडजस्टर संपेपर्यंत फिरवूनही गिअर नीट पडत नाही. किटची वायर या मापात जुन्याशी जुळते, टोकाचं निपल (लिव्हरमध्ये अडकणारी गोळी) ओतीव आहे, आणि आत ओढताना खरखर लागत नाही. बसवण्याआधी ती उभी टांगून वरच्या टोकाला मळलेल्या पिठाचा किंवा पॉलिथिनचा छोटा फनेल करा आणि खालून थेंब दिसेपर्यंत पातळ तेल सोडा. बसवल्यावर लिव्हरच्या बुडाशी २ ते ३ मिमी मोकळीक ठेवा. स्क्रूने आवळायचे पितळी निपल क्लचला लावू नका. ते तारेचे एकेक धागे तोडत जातात.

एक्सिलरेटर वायर लांबीला पुरते, पण तिचं आवरण ताठ आहे आणि अरुंद वळण तिला सोसत नाही. हँडलवरून उतरून टाकीखाली शिरताना तिला मोठी, सैल कमान द्या. टायने फ्रेमला करकचून बांधू नका. टायमधून वायर हाताने सरकली पाहिजे.

वायरिंगला किटमध्ये काहीच दिलेलं नाही. दोन्ही स्विचच्या वायरी हेडलाइटच्या डूममध्ये जातात. हेडलाइटची रिंग सोडून दिवा बाहेर काढा, आत कोंबलेली जास्तीची वायर हळू बाहेर सोडा. काही गाड्यांत चार इंच तेवढ्यात निघतात. न निघाल्यास वायर ओढून कपलरवर ताण आणू नका, जोड द्या. त्याच जाडीची आणि शक्यतो त्याच रंगाची वायर घ्या, प्रत्येक जोड सोल्डर करून हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवा, आणि सगळे जोड एकाच जागी येऊ न देता इंच-इंच पुढे-मागे ठेवा, म्हणजे गठ्ठा होत नाही. नुसती पिळून काळी टेप गुंडाळलेली वायर कोकणातल्या एका पावसाळ्यात हिरवी पडते, आणि मग इंडिकेटर लावला की हॉर्न वाजतो असले प्रकार सुरू होतात. हँडलच्या नळीतून वायर नेण्याच्या फंदात या हँडलबाबत पडू नका. त्यासाठी लागणारी मोठी भोकं त्यात नाहीत आणि ती घरी पाडण्यासारखी नाहीत.

बसवताना आधी टाकीवर जाड गोधडी आणि तिच्यावर प्लास्टिक. ब्रेक ऑइल रंग खातं. थेंब पडलाच तर पुसत बसू नका, लगेच भरपूर पाणी ओता. ते पाण्यात विरघळतं. मास्टर सिलिंडर सुटा केला की उभाच राहील असा दोरीने टांगा. जुन्या ग्रिपखाली पातळ स्क्रूड्रायव्हर घालून साबणाचं पाणी सोडलं की ग्रिप निघते. नवी ग्रिप चढवताना तेल, मग ते खोबरेल का असेना, वापरायचं नाही. उजवी ग्रिप प्लास्टिकच्या नळीवर फिरू लागली तर हात पिळला जाईल आणि गाडी तशीच राहील. ग्रिपचा गोंद लावा, एक रात्र वाळू द्या.

क्लॅम्पचे बोल्ट आधी सगळे हाताने टेकवा, मग तिरक्या क्रमाने थोडेथोडे आवळा. वरच्या कॅपला ठिपका असेल तर तो पुढच्या बाजूला येतो. ८ मिमीच्या बोल्टना २० ते २५ न्यूटन-मीटर हा साधारण पट्टा, पण गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेला आकडा अंतिम. हँडलचा कोन असा हवा की ग्रिपकडे जाणारी उभी नळी शॉकअपच्या रेषेत किंवा किंचित मागे राहील. हँडल मागे पाडून ग्रिप मांडीजवळ आणल्या तर पूर्ण वळवल्यावर एक ग्रिप टाकीला किंवा गुडघ्याला लागते.

होज बसवताना बँजोच्या दोन्ही बाजूंना एकेक, असे दोन टोकांचे मिळून चार वायसर, आणि चारही नवे. जुना वायसर एकदा दबलेला असतो, तो पुन्हा तसाच दबत नाही.

मग ब्लीडिंग, म्हणजे ब्रेकमधली हवा काढणं, आणि इथे उंच हँडलची स्वतःची एक खोड आहे. मास्टर सिलिंडरची ऑइलची डबी आडवी, पातळी राखून हवी. हँडल फिरवल्यामुळे ती पुढे कलली तर होज निघतो ती जागा सर्वांत उंच होते आणि हवा तिथेच अडकून बसते. खाली कॅलिपरच्या हवा काढायच्या निपलमधून कितीही ऑइल काढलं तरी ती हवा खाली येत नाही, कारण बुडबुडा वर जातो, खाली नाही. लिव्हर मऊच राहते आणि दोष होजला दिला जातो.

तर आधी डबी समपातळीत आणा. सीलबंद डॉट ४ ऑइल घ्या, २५० मिलीची बाटली पुरते. उघडून महिनोन्महिने ठेवलेली बाटली नको: हे ऑइल हवेतलं पाणी ओढतं, आणि कोरड्या डॉट ४ चा किमान २३० अंश सेल्सिअस असलेला उत्कलनबिंदू पाणी मुरलं की १५५ च्या घरात येऊ शकतो. घाटात उतरताना तापलेल्या ब्रेकला हा फरक भारी पडतो. डबी भरा आणि लिव्हर अगदी हळू, सेंटिमीटरभरच, दाबत-सोडत राहा. डबीच्या तळातल्या बारीक भोकातून मोहरीएवढे बुडबुडे वर येताना दिसतील. ते थांबेपर्यंत खाली जाऊ नका. नंतर कॅलिपरच्या निपलवर पारदर्शक नळी लावा, तिचं टोक थोडं ऑइल असलेल्या बाटलीत बुडवा. लिव्हर दाबून धरा, निपल पाव फेरा उघडा, बंद करा, आणि मगच लिव्हर सोडा. डबीतली पातळी खालच्या खुणेखाली जाऊ देऊ नका, नाहीतर सगळं पहिल्यापासून. शेवटी मास्टरच्या बँजोभोवती कापड गुंडाळून लिव्हर दाबलेली असताना बोल्ट क्षणभर किंचित सैल करून आवळा. फुसकन हवा निघते. तरीही लिव्हर थोडी मऊ वाटली तर ती ग्रिपला बांधून रात्रभर ठेवा. बारीक बुडबुडे वर सरकत मास्टरपाशी येतात आणि सकाळी लिव्हर सोडल्यावर डबीत निघून जातात.

यानंतर लिव्हर पूर्ण ताकदीने मिनिटभर दाबून धरा आणि दोन्ही बँजोंना पांढरा टिश्यू लावा. ओलसर डाग उमटला तर गाडी बाहेर काढायची नाही. मग गाडी मोकळ्या हवेत न्यूट्रलमध्ये सुरू करा, इंजिन स्थिर लयीत आलं की हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. आवाज किंचितही चढला तर एक्सिलरेटर वायर ओढली जाते आहे. गल्लीत वळताना गाडी आपोआप पुढे उसळेल. पुढचा ब्रेक दाबून मागचा लाल दिवा लागतो का तेही पाहा. लिव्हरजवळच्या स्विचची वायर सगळ्यात जास्त वेळा ताणली गेलेली सापडते.

चालवायला कशी लागते? चार इंच ही उंची या गाडीला शोभते. पाठ सरळ होते, मनगटावरचा भार जातो, पुणे-साताऱ्यासारख्या लांब पट्ट्यात खांदे अवघडत नाहीत. पण छाती वाऱ्यासमोर येते, आणि ताशी ८० च्या पुढे हात हँडलला धरून ठेवण्याचं काम करू लागतात. पुढच्या चाकावरचं वजनही हलकं होतं, ओल्या वळणावर ते जाणवतं. इंजिनची थरथर ग्रिपपर्यंत जास्त पोचते; जुन्या हँडलच्या टोकांना वजनं असतील तर ती काढून नव्याला लावा. हात खांद्यांच्या वर जातील इतकी उंच हँडलं घेऊ नयेत असं स्पष्ट सांगतो. संथ गतीच्या यू-टर्नमध्ये त्यांच्यावर ताबा राहत नाही. क्रोम समुद्रकाठी जपावं लागेल. भोकांच्या कडांना घरीच पारदर्शक वार्निशचा हात द्या.

एबीएसवाल्या क्लासिकला हे किट चालत नाही. तिथे मास्टरमधून होज आधी एबीएस युनिटकडे जातो, आणि युनिटमध्ये हवा शिरली तर ती काढायला दोष शोधणारं वर्कशॉपचं यंत्र लागू शकतं. ते काम वर्कशॉपचं.

कायद्याचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करतं, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाने केलेल्या बेकायदा बदलाला प्रत्येकी ५,००० रुपये दंडाची, कैदेची किंवा दोन्हींची तरतूद आहे. भोक पाडण्याआधी आरटीओत विचारा, विमा कंपनीला कळवा.

पहिल्या १०० किलोमीटरनंतर क्लॅम्पचे बोल्ट, दोन्ही बँजो आणि क्लचची मोकळीक पुन्हा तपासा. नवी वायर थोडी बसते, क्लच पुन्हा लावावा लागतो. जुनं हँडल, जुना होज आणि दोन्ही जुन्या वायरी तेलाचा हात देऊन, कागदात गुंडाळून माळ्यावर ठेवा. १५ वर्षांनी नोंदणीच्या नूतनीकरणाला गाडी न्यायची वेळ आली की हे सगळं लागेल.